तेलाचे दोन हिशेब : औद्योगिक केंद्रातील इंधन व वंगण यांची व्यवस्था

नाशिकरोडच्या पूर्वेस, गोदावरीच्या परिसरात एकलहरे येथे औष्णिक विद्युत्केंद्र उभारण्यात आले. १९७०–७१ मध्ये तेथे प्रत्येकी १४० मेगावॅटचे दोन संच सुरू झाले. १९७९ ते १९८१ या अवधीत प्रत्येकी २१० मेगावॅटचे आणखी तीन संच त्यांच्या जोडीस आले. पहिले दोन संच पुढे निवृत्त झाले. २००५ मध्ये राज्य विद्युत मंडळाचे विभाजन होऊन केंद्राचा कारभार महानिर्मिती कंपनीकडे गेला. अशा केंद्राचे नाव घेताच रेल्वेने येणारा कोळसा डोळ्यांपुढे उभा राहतो, आणि ते स्वाभाविकही आहे. कारण तेथील वीज कोळशापासूनच निर्माण होते. परंतु तेलावाचून असे केंद्र सुरूही होऊ शकत नाही आणि सुरू झालेले क्षणभर चालूही शकत नाही, ही गोष्ट तितकीशी ध्यानात येत नाही.

हे तेल दोन प्रकारचे असते. थंड भट्टी पेटविण्यासाठी आणि कोळशाची ज्योत डळमळू लागली असता तिला आधार देण्यासाठी जे जाळले जाते, ते इंधनतेल. टरबाइन, कोळशाच्या चक्क्या, पंप व पंखे यांच्या फिरत्या भागांमधून जे वाहत राहते, ते वंगणतेल. दोन्ही खनिज तेलापासूनच येतात, दोन्ही टँकरने वा पिंपांतून आणली जातात, दोन्हींचे माप लिटरांत होते आणि बहुतेक कारखान्यांत दोन्हींची नोंद एकाच भांडाराच्या खतावणीत, 'जमा' व 'खर्च' अशा त्याच दोन रकान्यांत पडते. या बाह्य साम्यामुळे दोन्हींची व्यवस्थाही एकाच रीतीने करता येईल, असा समज रूढ होतो. वस्तुतः इंधन हे जळून जाण्यासाठीच आणलेले असते, तर वंगण हे टिकून राहण्यासाठी. इंधन हा खर्च होय. वंगण हा यंत्राचा एक भाग होय. यास्तव पहिल्याचा हिशेब परिमाणाने ठेवावा लागतो आणि दुसऱ्याचा स्थितीने. हा भेद ओळखून त्याप्रमाणे माणसे, जागा व नोंदी यांची जुळणी करणे, हेच या विषयातील संघटनेचे मुख्य सूत्र आहे.

इंधनाचा हिशेब

कोळशावर चालणाऱ्या संचात दुय्यम इंधन म्हणून जाळलेले तेल हे निर्माण झालेल्या विजेच्या प्रमाणात, म्हणजे दर युनिटास किती मिलिलिटर, असे मोजतात. केंद्रीय वीज नियामक आयोगाने आपल्या कक्षेतील कोळसा-केंद्रांसाठी हे मानक २००४ च्या विनियमांत २ मिलिलिटर, २००९ च्या विनियमांत १ मिलिलिटर आणि २०१४ च्या विनियमांत ०.५ मिलिलिटर असे उत्तरोत्तर कठोर केले. या आकड्यांचा अर्थ एका उदाहरणाने स्पष्ट होईल. २१० मेगावॅटचा एक संच पूर्ण भाराने चोवीस तास चालला, तर ५०,४०,००० युनिट वीज निर्माण होते. २ मिलिलिटरच्या दराने त्यास दिवसाला १०,०८० लिटर तेलाची मुभा मिळते; ०.५ मिलिलिटरच्या दराने ती २,५२० लिटरांवर येते. मानकापेक्षा अधिक जाळलेल्या तेलाचा भार केंद्राच्या उत्पन्नावर पडतो.

येथे एक सूक्ष्म गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. तेल अधिक जळाले याचे कारण क्वचितच तेलात असते. कोळसा ओला असणे, चक्कीत तो पुरेसा बारीक न दळला जाणे, भार कमी करावा लागल्याने ज्योत अस्थिर होणे, संच वारंवार बंद पडून पुन्हा पेटवावा लागणे, ही त्याची खरी कारणे होत. म्हणजे तेलाचा आकडा हा ज्वराप्रमाणे आहे. तो रोग नव्हे, रोगाचे लक्षण होय. महिन्याच्या अखेरीस भांडाराने काढलेली एकत्रित बेरीज या दृष्टीने निरुपयोगी ठरते. प्रत्येक वेळी तेलाचे झोत कोणत्या पाळीत, कोणत्या भाराला, कोणत्या कारणाने व किती मिनिटे लावले, याची नोंद संचालन-कक्षातच व्हावयास हवी. तशी नोंद असेल तर दोन महिन्यांत दोष चक्कीत आहे, कोळशात आहे की भारनियोजनात आहे, हे कागदावरच दिसू लागते.

परिमाणाचा हिशेब ठेवावयाचा तर मापही खरे असले पाहिजे, आणि तेलाचे माप वाटते तितके सरळ नाही. उष्णतेने तेल प्रसरण पावते. भट्टीतेलाच्या बाबतीत हे प्रमाण दर अंश सेल्सिअसला घनफळाच्या सुमारे ०.०००७ इतके असते. समजा, २०,००० लिटरचा टँकर ६० अंशांच्या तापमानाला मोजून घेतला आणि टाकीत ते तेल ३५ अंशांपर्यंत निवले. २५ अंशांच्या या फरकामुळे घनफळ सुमारे ३५० लिटरने घटते. एक थेंबही कोठे सांडला नाही, कोणी चोरलाही नाही. तरी खतावणीत ३५० लिटरची तूट दिसते. ज्या कारखान्यात तापमानाची दुरुस्ती करण्याची रीत नाही, तेथे अशा तुटीचा संशय प्रामाणिक भांडारपालावर येतो. उलटपक्षी, 'तेल आटतेच' हे सर्वांनी एकदा गृहीत धरले की, त्याच सबबीखाली खरी चोरीही बिनबोभाट खपून जाते. म्हणून आवक, साठा व वापर ही तिन्ही मापे १५ अंश सेल्सिअस या प्रमाण-तापमानास रूपांतरित करूनच ताळा घालावा, हा नियम केवळ शास्त्रीय काटेकोरपणाचा नाही. तो माणसाला न्याय देण्याचाही आहे.

दुसरा प्रश्न पाण्याचा. भट्टीतेलासाठी असलेल्या भारतीय मानक १५९३ मध्ये पाण्याची कमाल मर्यादा घनफळाच्या एक टक्का आहे. २०,००० लिटरांत एक टक्का म्हणजे २०० लिटर पाणी, आणि तेही तेलाच्या भावाने घेतलेले. भट्टीतेलाची घनता पाण्याच्या घनतेच्या जवळपास असल्याने हे पाणी लवकर खाली बसत नाही. तेल कोमट ठेवून त्यास पुरेसा विसावा द्यावा लागतो. यासाठी निदान दोन टाक्या हव्यात : एकीत तेल निवळत असता दुसरीतून वापर चालू राहावा. टाकीच्या तळाशी साचलेले पाणी नियमाने काढणे व किती निघाले ते लिहून ठेवणे, हे काम क्षुल्लक दिसले तरी ज्योतीची स्थिरता त्यावर अवलंबून असते.

तिसरा प्रश्न थंडीचा आहे, आणि नाशिक जिल्ह्यात तो दुर्लक्षिण्याजोगा नाही. निफाड परिसरातील किमान तापमान हिवाळ्यात कित्येकदा पाच अंशांच्याही खाली उतरते. प्रचलित मध्यम प्रतीच्या भट्टीतेलाची श्यानता, म्हणजेच दाटपणा, ५० अंशांना १८० सेंटिस्टोकपर्यंत असतो. गारठ्यात ती अनेक पटींनी वाढते व तेल पंपाला ओढेनासे होते. ते पंपाने चढविण्यासाठी एक तापमान लागते आणि झोतातून त्याचे सूक्ष्म तुषार उडविण्यासाठी त्याहून बरेच अधिक, साधारणतः १०० अंशांच्या आसपासचे, तापमान लागते. वाफेच्या नळ्यांनी तेलवाहिन्या उबदार ठेवण्याची व्यवस्था थंडी सुरू होण्यापूर्वी तपासली नाही, तर ज्या पहाटे आधाराची गरज पडते त्याच पहाटे तेल वाहिनीत थिजलेले आढळते.

वंगणाचा हिशेब

टरबाइनचा आस मिनिटाला ३,००० फेरे घेत असतो. टनावारी वजनाचा हा आस पांढऱ्या मिश्रधातूचे अस्तर असलेल्या धारव्यांमध्ये, म्हणजेच बेअरिंगांमध्ये, फिरतो. पण धातू धातूला स्पर्श करीत नाही. दोहोंमध्ये तेलाचा एक पापुद्रा असतो व त्याची जाडी मिलिमीटरच्या काही शतांश भागांइतकीच असते. त्या पापुद्र्यावर सारा संच तरंगत असतो, असे म्हटल्यास ती अतिशयोक्ती होणार नाही. २१० मेगावॅटच्या संचाच्या तेलटाकीत वीस-तीस हजार लिटरच्या घरात तेल असते आणि तेच तेल शुद्ध करीत, थंड करीत वर्षानुवर्षे वापरावयाचे असते. अशा तेलाबद्दल 'या महिन्यात किती खर्च झाले' हा प्रश्न गौण आहे. 'ते आज कसे आहे' हा खरा प्रश्न होय.

तेल बिघडते ते मुख्यत्वे चार मार्गांनी. उष्णतेने त्याचे ऑक्सिडीभवन होते. तापमान दहा अंशांनी वाढले की या क्रियेचा वेग साधारणपणे दुप्पट होतो, असा ढोबळ नियम आहे. टरबाइनच्या वाफरोधकांतून निसटलेली वाफ किंवा गळका शीतक यांमुळे तेलात पाणी शिरते. धूळ, गंज व झिजेचे कण त्यात मिसळतात. कोळसा हाताळणाऱ्या केंद्रात तर धुळीचे साम्राज्यच असते. आणि चौथा मार्ग म्हणजे परक्या तेलाची भेसळ. हा चौथा मार्ग पूर्णपणे मानवनिर्मित असून त्याचे परिणाम कित्येकदा सर्वांत घातक असतात. एंजिनाच्या तेलात मळ तरंगत ठेवणारी द्रव्ये घातलेली असतात. टरबाइनच्या तेलाने मात्र पाण्यापासून त्वरित वेगळे व्हावे अशी अपेक्षा असते. एंजिनतेलाचे भांडे न धुता त्यातूनच टरबाइनच्या टाकीत भर घातली, तर ते थोडेसे मिश्रणही तेलाचा हा गुण नष्ट करू शकते आणि पाणी व तेल यांचे दुधासारखे पायस बनते. दोन भिन्न जातींची ग्रीजे एकत्र आल्यासही असेच होते : एकत्र येताच दोन्ही पातळ होऊन वाहून जाण्याचा संभव असतो.

स्थितीचा हिशेब ठेवण्याची साधने आज उपलब्ध आहेत. श्यानता, आम्लता, पाण्याचे प्रमाण, कणांची संख्या व ऑक्सिडीभवनास तोंड देण्याची उरलेली शक्ती, या पाच परीक्षा टरबाइनतेलाच्या बाबतीत प्रमुख होत. श्यानतावर्ग ४६ चे नवे तेल ४० अंशांना ४१.४ ते ५०.६ सेंटिस्टोक या मर्यादेत असते. कणांची संख्या आंतरराष्ट्रीय मानक ४४०६ प्रमाणे तीन अंकांत सांगतात. १८/१५/१२ असा निर्देश असेल, तर एका मिलिलिटरमध्ये चार मायक्रॉन वा त्याहून मोठे कण १,३०० ते २,५००, सहा मायक्रॉनचे व त्यावरील १६० ते ३२० आणि चौदा मायक्रॉनचे व त्यावरील २० ते ४० आहेत, असा त्याचा अर्थ होतो. डोळ्यांना निर्मळ दिसणाऱ्या तेलातही हे सारे असू शकते. म्हणून 'तेल चांगले दिसते' हा शेरा नोंदवहीतून हद्दपार झाला पाहिजे.

तथापि कोणत्याही एका परीक्षेच्या एका आकड्यावरून निर्णय करणे धोक्याचे असते. आज आम्लता थोडी वाढलेली दिसली, तर ती गेल्या तीन वर्षांत हळूहळू वाढली की गेल्या तीन आठवड्यांत एकदम, यावरच पुढील कृती अवलंबून राहते. यासाठी नमुना नेहमी त्याच ठिकाणाहून, यंत्र चालू असताना, त्याच पद्धतीने व स्वच्छ बाटलीत घेतला पाहिजे. टाकीच्या तळातून एकदा व वाहत्या नळीतून दुसऱ्यांदा घेतलेले नमुने ही दोन निराळ्या तेलांची साक्ष होय; त्यांची तुलना करून निघालेला निष्कर्ष कोणत्याही प्रयोगशाळेला सुधारता येत नाही.

कोठार आणि पिंप

वंगणाचा बिघाड यंत्रात सुरू होतो असे मानले जाते. पुष्कळदा तो कोठाराच्या दारातच सुरू झालेला असतो. नाशिकचे हवामान या दृष्टीने विचारात घेण्यासारखे आहे. २१० लिटरचे पिंप उघड्यावर उभे ठेवले, तर पावसाळ्यात त्याच्या माथ्यावरील खोलगट भागात पाणी साचते. दिवसा ऊन पडले की आतील हवा प्रसरण पावून बुचाच्या फटीतून बाहेर जाते. रात्री गारवा आला की पिंप पुन्हा श्वास घेते आणि हवेऐवजी ते माथ्यावरचे पाणीच आत ओढते. बूच घट्ट दिसत असते, मोहोर शाबूत असते, तरी तेलात पाणी असते. उपाय साधा आहे : पिंपे छपराखाली ठेवावीत; ते शक्य नसेल तर आडवी ठेवावीत, दोन्ही बुचे क्षितिजसमांतर रेषेत येतील अशी, म्हणजे ती तेलाच्या पातळीखाली राहून हवा वा पाणी आत जात नाही. आधी आलेले पिंप आधी वापरावे, हा नियमही तितकाच साधा व तितकाच वारंवार मोडला जाणारा आहे.

स्वच्छतेचा आग्रह अवाजवी वाटत असेल, त्याने नाशिकच्याच एका उत्पादनाकडे पाहावे. सातपूर औद्योगिक वसाहतीतील मायको, म्हणजे २००८ पासून बॉश या नावाने ओळखली जाणारी कंपनी, डिझेल एंजिनांची इंधन-तुषारके व त्यांची तोंडे बनविण्यासाठी प्रसिद्ध आहे. अशा तोंडातील सुई व तिचे घर यांमधील फट अवघ्या काही मायक्रॉनांची असते. माणसाचा केस सुमारे सत्तर मायक्रॉन जाडीचा असतो, हे ध्यानात घेतले म्हणजे उघड्या बादलीतून ओतलेल्या तेलाचे अशा फटीत काय होत असेल, ते निराळे सांगावयास नको.

सूची, माणूस आणि अधिकार

व्यवस्थेचा प्रारंभ खरेदीपासून नव्हे, तर सूचीपासून होतो. केंद्रातील प्रत्येक यंत्र, त्यावरील प्रत्येक वंगणस्थान, तेथे लागणाऱ्या वंगणाचा वर्ग, त्याचे प्रमाण, ते देण्याची रीत, दोन वेळांमधील अंतर आणि ते देणारी व्यक्ती, इतक्या सात गोष्टी एका तक्त्यात आल्या पाहिजेत. अशी सूची तयार करताना एकाच गुणधर्माची तेले निरनिराळ्या व्यापारी नावांनी घेतली जात असल्याचे हमखास आढळते. १९७५ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक ३४४८ ने औद्योगिक तेलांचे श्यानतावर्ग निश्चित केल्यापासून अशी तुलना सोपी झाली आहे. जाती कमी झाल्या की साठा कमी होतो. पण त्याहून मोठा लाभ म्हणजे चुकीचे तेल चुकीच्या जागी पडण्याचा संभव घटतो. प्रत्येक जातीस एक रंग देऊन तोच रंग पिंपावर, भांड्यावर व यंत्रावरील वंगणस्थानावर लावला, म्हणजे निरक्षर कामगारासही चूक टाळता येते.

या कामगाराचा विचार केल्याशिवाय विषय पुरा होत नाही. कारखान्याच्या उतरंडीत ऑइलमनची जागा बहुधा तळाशी असते. नव्या माणसाला प्रथम हे काम देतात आणि तो काही शिकला की त्याला तेथून 'वर' नेतात. परिणामी, कोट्यवधी रुपयांच्या यंत्रास हात लावण्याचा प्रसंग ज्याला रोज येतो, त्यालाच त्या यंत्राविषयी सर्वांत कमी माहिती दिलेली असते. धारवा तापला की तो आणखी ग्रीज भरतो. अधिक ग्रीजमुळे आतील घुसळण वाढून धारवा अधिक तापतो, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. धारव्याचा बदललेला आवाज, तेलाचा वास, फेस, काचेतील पातळी, ही चिन्हे प्रथम त्याच्याच दृष्टीस पडतात. परंतु ती कळविण्याची रीत नसेल आणि कळविल्यावर कोणी उत्तर देत नसेल, तर ते ज्ञान वाया जाते. म्हणून वंगणाचा एक जबाबदार अधिकारी असावा, त्याचे स्थान भांडारात नसून अनुरक्षण-विभागात असावे आणि ऑइलमनची नोंद त्याच्याकडे त्याच दिवशी पोहोचावी, अशी रचना हवी.

एका प्रसिद्ध अहवालाचा दाखला येथे उपयोगी पडेल. १९६६ मध्ये पीटर जोस्ट यांच्या समितीने ब्रिटिश सरकारला सादर केलेल्या अहवालाने घर्षण, झीज व वंगण यांच्या एकत्रित अभ्यासाला 'ट्रायबॉलॉजी' हे नाव रूढ केले. या ज्ञानाचा नीट उपयोग केल्यास देशाची वर्षाला सुमारे ५१.५ कोटी पौंडांची बचत होईल, असा समितीचा अंदाज होता. त्यांपैकी २३ कोटी देखभाल व सुटे भाग यांतून, ११.५ कोटी यंत्रे बंद पडण्याचे टळल्याने, तर खुद्द वंगणाच्या खर्चातील बचत अवघी १ कोटी पौंडांची होती. जो कारखाना वंगणाकडे केवळ खरेदीच्या खात्यातून पाहतो, तो ५१.५ पैकी एका भागाच्या मागे लागून उरलेल्या भागांकडे पाठ फिरवितो. गळतीची उपेक्षा मात्र कोणत्याही हिशेबाने समर्थनीय नाही. सेकंदाला एक थेंब आणि वीस थेंबांचा एक मिलिलिटर असे धरले, तरी दिवसाला ४.३ लिटर व वर्षाला सुमारे १,५७५ लिटर, म्हणजे साडेसात पिंपे तेल वाया जाते. शिवाय गरम वाफवाहिनीवर पडलेला तोच थेंब आगीचे कारण होऊ शकतो.

कायदा आणि वापरलेले तेल

साठवणुकीचे नियमन १९३४ चा पेट्रोलियम अधिनियम व २००२ चे पेट्रोलियम नियम यांन्वये होते. त्यांची अंमलबजावणी करणाऱ्या पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटनेचे मुख्यालय नागपूर येथे आहे. ज्वलनांकानुसार पेट्रोलियम पदार्थांचे अ, ब व क असे वर्ग पाडलेले असून ६५ अंश किंवा त्याहून अधिक ज्वलनांकाचे भट्टीतेल 'क' वर्गात येते. वापरून झालेले तेल हे २०१६ च्या घातक कचरा नियमांच्या कक्षेत येते. ते सामान्यतः नव्वद दिवसांहून अधिक काळ साठविता येत नाही आणि अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच सोपवावे लागते. निरनिराळी वापरलेली तेले एकाच पिंपात ओतण्याची सवय येथेही नडते. एकजातीचे वापरलेले तेल शुद्ध करून पुन्हा उपयोगी आणता येते. सरमिसळ झाली की त्याची किंमत जवळपास नाहीशी होते.

लहान कारखान्यांचा प्रश्न

सातपूर व अंबड येथील लहानमोठ्या यंत्रशाळांना विद्युत्केंद्राचा हा पसारा अर्थातच झेपणारा नाही. परंतु तत्त्व तेच राहते. तेथे इंधन म्हणजे जनित्रासाठी लागणारे डिझेल आणि वंगण म्हणजे द्रवदाबाचे व दंतचक्रपेट्यांचे तेल. वंगणस्थानांची एक सूची, प्रत्येक तेलासाठी निराळे झाकणाचे भांडे, छपराखालील कोठार आणि मोठ्या टाक्यांतील तेलाची ठरावीक काळाने परीक्षा, इतक्या चार गोष्टींना फारसे भांडवल लागत नाही. लागते ती शिस्त.

व्यवस्थापनशास्त्राच्या अभ्यासकाने या विषयाकडे वळावे याचे कारण यातच आहे. साठा-नियंत्रणाची सूत्रे सर्व वस्तूंना सारखी लावण्याचा मोह मोठा असतो आणि खतावणी तो मोह वाढविते. भट्टीतेलाच्या एका लिटरने आपले काम केले की ते नाहीसे होते. टरबाइनतेलाचे एक लिटर आपले काम करीत राहते, कारण ते नाहीसे होत नाही. एकाच रकान्यात लिहिलेल्या या दोन लिटरांमधील अंतर ज्याला वाचता आले, त्याला कारखान्याची प्रकृतीही वाचता येईल.